लपवलेला चष्मा

माझा डावा डोळा कशानं गेला ते आमच्या गावात कुणी मला सरळ विचारत नाही. आत्याला विचारतात. आत्या सांगते, डोळ्यात कायतरी गेलं, नशीब तिचं. हे ती माझ्यासमोरही सांगते. मी इतकी वर्षं ते ऐकून घेतलं. आता जे झालं ते झालं तसं लिहून ठेवते.

आत्यानं मला वाढवलं, हे आधी सांगितलं पाहिजे. मी तिसरीत असताना आई गेली. वडील, मी त्यांना आबा म्हणते, तेव्हा फौजेत होते आणि वर्षातून एकदाच सुट्टीवर यायचे. आत्याचा नवरा लवकर वारलेला, मूलबाळ नव्हतं. ती वडूजच्या पलीकडच्या आमच्या गावात, आमच्या घरी राहायला आली ती कायमचीच. माझ्या वेण्या तिनं घातल्या. मला पाळी आली तेव्हा काय करायचं ते तिनंच सांगितलं. मी साताऱ्याला कॉलेजात गेले तर दर शनिवारी एसटीच्या कंडक्टरकडे डबा द्यायची. परक्या माणसानं केलं असतं तर माझा राग केव्हाच निवला असता.

आठवीत मला फळ्यावरचं दिसेना म्हणून चष्मा लागला. बारावीपर्यंत नंबर उणे पाचच्या पुढं गेला होता. सकाळी डोळे उघडायच्या आधी माझा हात उशाशी चष्म्याकडे जायचा. चष्म्याशिवाय मला समोरच्या माणसाचं तोंड ओळखू यायचं नाही, नुसता रंगाचा ठिपका दिसायचा. पण मला त्याचं कधी काही वाटलं नाही. बी.एड. झाले, साताऱ्यातल्या एका शाळेत शिकवायला लागले. पोरं मला चष्म्यासकट ओळखत होती.

मग स्थळं यायला लागली. पहिल्याच स्थळानं निरोप धाडला की मुलगी चांगली आहे, पण चष्मा फार जाड आहे. आत्यानं ते मनाला लावून घेतलं. कुणीतरी तिला लेन्सचं सांगितलं, आणि ती स्वतः साताऱ्याला येऊन मला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली. तिथल्या मुलीनं मला नीट शिकवलं. हात साबणानं धुवायचे, कोरडे करायचे, लेन्स फक्त बाटलीतल्या औषधानंच धुवायच्या, पाणी अजिबात लावायचं नाही, झोपताना काढायच्याच. मी सगळं तसंच करत होते. लेन्स फक्त बघायला पाहुणे येणार असले की लावायची. शाळेत चष्माच.

फलटणचं स्थळ आलं तेव्हा माझी माहिती लिहून द्यायची होती. आत्या सांगत होती, मी लिहीत होते. चष्म्याचं लिहू का, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, कशाला, लग्न झाल्यावर सांग की, तवा कोण सोडून देतंय. मी आबांकडे बघितलं. ते एव्हाना निवृत्त होऊन घरीच होते. समोर बसून पेपर वाचत होते. त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

मुलगा पुण्याला नोकरीला होता, घरी ऊस होता, पाटाचं पाणी होतं. आमच्या माळरानावरून बघताना आत्याला ते घर म्हणजे राजवाडाच वाटला. साखरपुडा झाला. त्या दिवशी मुलाची आई शेजारच्या कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलताना सहज म्हणाली, त्यांनी चष्मेवाली करून आणली, आता पोरांनाबी लागायचा. आत्यानं माझ्या मांडीवर हात दाबला. मला तिथंच उठून सांगावंसं वाटलं होतं की मीही चष्मेवालीच आहे. हॉलमध्ये दीडदोनशे माणसं होती आणि माझ्या हातात ओटीचा नारळ होता.

लग्नाला अजून दीडएक महिना होता. त्यांच्या नवीन घराची वास्तुशांत निघाली आणि आम्हाला बोलावणं आलं. मी पिशवीत चष्मा, लेन्सची डबी आणि औषधाची बाटली घेतली होती. संध्याकाळी परतायचं ठरलं होतं, पण मुलाच्या आईनं राहायचा आग्रह धरला. दिवसभर होमाचा धूर डोळ्यात गेलेला. डोळे चरचरत होते. निजायच्या आधी मी लेन्स काढायला म्हणून पिशवी उघडली, तर चष्मा नाही, डबी नाही, बाटली नाही.

आत्याला बाजूला घेऊन विचारलं. ती शांतपणे म्हणाली, निघताना मीच काढून घरी ठेवल्या. इथं बायका कुणाचीबी पिशवी उघडत्यात. कुणी बघितलं असतं म्हंजे?

मी म्हणाले, आता मी रात्रभर काय करू?

"एक रात तर हाय. डोळ्यातच राहू देत की."

लेन्स काढून टाकल्या असत्या तर परक्या घरात, होणाऱ्या सासूसमोर, मी भिंती चाचपत फिरले असते. ठेवल्या. सकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं होत होतं आणि डावी लेन्स चिकटून बसली होती. कशीबशी काढली. बाहेरून बायका मला हाका मारत होत्या, सुवासिनींना वाढायला चल म्हणून. आत्यानं न्हाणीघरातल्या पिंपातून वाटीभर पाणी आणून माझ्यापुढं धरलं. ह्यात बुडवून घाल, म्हणाली. त्या बाटलीत तरी काय असतंय, पाणीच की. मी नको म्हणाले. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, मग काय आंधळ्यावानी जाणार हायस बाहेर? माझ्या हातानं मी ती लेन्स त्या पाण्यात बुडवली आणि डोळ्यात घातली. वाटी तिनं धरली होती.

आठवड्याभरात डावा डोळा लाल झाला. उजेड सहन होईना. वडूजच्या डॉक्टरांनी डोळे आलेत म्हणून थेंब दिले. गुण येईना म्हणून आत्यानं मेडिकलमधून दुसरे थेंब आणले, चिठ्ठीशिवाय. दुकानदारानं दिलेही. त्यांनी लाली थोडी उतरली, म्हणून आत्या खूश झाली. ते थेंब कसले होते ते मला पुढं सांगलीत कळलं. त्यात स्टेरॉइड होतं. त्यानं वरची सूज दबते, आणि आत जे वाढत असतं त्याला रान मोकळं मिळतं.

मग दुखायला लागलं. तसं दुखणं मी आधी कधी सोसलं नव्हतं, पुढंही सोसलं नाही. कपाळ, भुवई, कान, सगळी डावी बाजू पेटलेली. खिडकीवर घोंगडं टांगून मी अंधारात पडून असायचे. दाराच्या फटीतला उजेडही सुईसारखा शिरायचा. जेवण जाईना. शाळेला सुट्टी टाकली.

साताऱ्याच्या मोठ्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. वयस्कर गृहस्थ, बाहेर ही गर्दी. त्यांनी डोळ्यात पिवळं औषध घालून निळ्या दिव्यात बघितलं. सगळे प्रश्न आत्याला विचारले. मी तिथंच होते, तोंडावर पंचा धरून, पण माझ्याशी कुणी बोललं नाही. चष्मा वगैरे आहे का, असं त्यांनी विचारलं तर आत्या म्हणाली, न्हाई, नजर चांगली हाय तिची. मी पंच्याआडून म्हणाले, मला नंबर आहे. ते म्हणाले, नंबरचं नंतर बघू, आधी हे बरं होऊ दे. लेन्सचं त्यांनी विचारलं नाही. लेन्सचा ह्याच्याशी काही संबंध असेल हे मला कुठं ठाऊक होतं. बुबुळावर विषाणूचा आजार आहे, डोळ्यातली नागीणच म्हणा, असं सांगून त्यांनी मलम दिलं.

पुढं मला समजावण्यात आलं की ही चूक होण्यासारखीच असते, सुरुवातीला दोन्ही आजार सारखे दिसतात. असेल. पण डोळा माझा होता, तोंड मला होतं. मला विचारायला किती वेळ लागला असता?

नागीण हा शब्द आत्यानं उचलला. शेजारच्या गावात एक माणूस नागिणीला गेरूनं रेघ ओढून अडवतो, त्याला घरी बोलवायचं तिनं ठरवलं. तो येणार त्या सकाळी मी दुखण्यानं भिंतीवर डोकं आपटत होते. आबा दारात उभे राहून बघत होते. त्यांनी आत्याला सांगितलं, कुणी यायचं न्हाई. त्यांच्या पलटणीतला एक जोडीदार सांगलीला असतो, त्याला त्यांनी फोन लावला. नुसत्या बुबुळाच्या आजारांचं काम करणाऱ्या एक डॉक्टरबाई विश्रामबागेत आहेत असं त्यानं सांगितलं. तासाभरात जीप दारात होती. आत्या न सांगता पुढं येऊन बसली.

डॉक्टरबाई चाळिशीच्या असतील. कमी बोलणाऱ्या. त्यांनी माझी हनुवटी यंत्रावर ठेवली आणि बराच वेळ बघत राहिल्या. डोळा उघडा ठेवताना माझ्या तोंडून आवाज निघत होता. मग त्या मागं सरकल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "लेन्स लावता का?"

"न्हाई," आत्या म्हणाली.

"लावते," मी म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. वास्तुशांत, रात्रभर डोळ्यात राहिलेल्या लेन्स, पिंपातलं पाणी, मेडिकलचे थेंब. आत्या मध्येच डॉक्टरांना म्हणाली की तिचं लगीन ठरलंय, ह्ये बाहेर कुटं बोलू नका. डॉक्टरबाईंनी लिहिणं थांबवलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा. आता मी फक्त हिच्याशी बोलणार आहे." आवाज चढला नव्हता, पण आत्या उठली.

डोळा बधिर करायचे थेंब घालून त्यांनी बारीक पात्यानं बुबुळ खरवडलं. दुखत नव्हतं, पण पातं येताना दिसत होतं आणि डोळा मिटायचा नव्हता. खरवडलेलं काचपट्टीवर घेतलं, थोडं एका बशीत लावलं, थोड्या वेळासाठी आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी आबांना आणि मला पडद्यावर चित्र दाखवलं. मी उजव्या डोळ्यानं, चष्म्यातून, बघितलं. बारीक गोल, त्याच्या आत आणखी एक वेडावाकडा गोल. दुहेरी भिंतीचं कवच.

त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. घड्याळावर काच असते तसा बुबुळावर पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. चित्रातला हा जीव म्हणजे अमिबाची एक जात, तो साध्या पाण्यात असतो, नळाच्या, टाकीच्या, विहिरीच्या. आपण रोज त्या पाण्यानं तोंड धुतो, काही होत नाही. पण तो लेन्सला चिकटून डोळ्यावर बसून राहिला, आणि पडद्यावर ओरखडा असला, की आत शिरतो. औषध लागलं की कवच करून दडून बसतो, म्हणून महिनोन् महिने मागं लागावं लागतं. बुबुळाभोवती पांढरं कडं धरलं होतं, त्यावरून आणि डोळा दिसतोय त्याच्या कितीतरी पट दुखतंय त्यावरून त्यांना शंका आली होती.

आबांनी विचारलं, लवकर आलो असतो तर?

त्या म्हणाल्या, "लवकर यायची गरजच नव्हती. पहिल्यांदा विचारलं तेव्हा खरं सांगितलं असतं तरी पुष्कळ होतं."

औषध बाजारात मिळत नव्हतं, त्यांच्याच दवाखान्यात बनवून द्यायचे. सुरुवातीला तासातासाला थेंब, दिवसाही आणि रात्रीही. आम्ही तिथंच जवळ एक खोली घेतली. आबांनी आत्याला गावी परत पाठवलं. माझ्या देखत त्यांनी तिला पहिल्यांदाच काहीतरी ठामपणे सांगितलं, तेही दोनच शब्दांत: तू जा.

थेंब झोंबायचे. आबा मोबाइलचा गजर लावून उठायचे, साबणानं हात धुवायचे, पहाऱ्यावर असल्यासारखे उभे राहून थेंब घालायचे. एका दुपारी मी त्यांना विचारलं की माहिती लिहिताना तुम्ही गप्प का बसलात. त्यांनी थेंबांच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाले, "घरातलं तीच बघत आली. मला वाटलं, बायकांचं असतंय ह्ये."

सीमेवर राहिलेला माणूस. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ते न बोलता थेंब घालत राहिले, मीही न बोलता मान वर करत राहिले.

फलटणला कुणीतरी सांगितलंच. एक दिवस मुलगा सांगलीला आला, एकटाच. खोलीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला. माझ्या डोळ्यावर काळा चष्मा होता. त्यानं तब्येतीची चौकशी केली, मग म्हणाला, "चष्मा होता तर सांगायचं की. आमचं त्याबद्दल काही नव्हतं."

मला त्याच्या आईचं साखरपुड्यातलं वाक्य आठवत होतं. तोही तिथं चार पावलांवर उभा होता. मी त्याला ते ऐकवलं, शब्दाला शब्द. तो म्हणाला, आई बोलते तसं, मनात काही नसतं तिच्या. मग त्यानं विचारलं की आता नजर परत येईल ना. तो त्यासाठीच आला होता. मी म्हणाले, मला माहीत नाही. तो डॉक्टरबाईंकडेही गेला. त्यांनी सांगितलं, पेशंटला विचारा. तो गेला, आणि लग्न होणार नाही हा निरोप आठवड्यानं आत्याच्या फोनवर आला. माझ्या फोनवर नाही. लग्न मोडल्याचं मला दुःख झालं नाही. पण काही नव्हतं म्हणे. काही नव्हतंच तर माझा चष्मा कुणापासून लपवला होता? ज्यांच्यासाठी लपवला ते म्हणतात आम्हाला चाललं असतं, जिनं लपवला ती म्हणते लोकांना चाललं नसतं, आणि मधल्यामध्ये डोळा गेला.

आजार हटायला जवळजवळ वर्ष लागलं. कवचं मेल्याची खात्री होईपर्यंत थेंब चालूच होते, हळूहळू कमी करत. दुखणं थांबलं, पण बुबुळाच्या मधोमध पांढरा डाग राहिला. त्या डोळ्यानं मला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, डोळा शांत राहिला तर कॉर्निया बदलता येईल. मी शाळेत परत गेले. पोरांनी पहिल्या दिवशी विचारलं, मी सांगितलं. लेन्सचं, पाण्याचं, सगळं. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, मुलांना इतकं सांगायची काही गरज नव्हती. मी म्हणाले, मला होती.

पुढं एके दिवशी सांगलीहून फोन आला, ताबडतोब या. कुणीतरी गेलं होतं आणि त्यांच्या घरच्यांनी डोळे दिले होते. कोण ते मला सांगत नाहीत, मीही विचारलं नाही. दुःख कोसळलेलं असताना त्या घरात कुणीतरी उठून दवाखान्याला फोन केला, एवढंच मला माहीत आहे. माझ्या घरात सगळं सुखरूप असताना एक वाक्य खरं बोलायला कुणी तयार नव्हतं.

ऑपरेशन झाल्यावर आत्या बघायला आली. सोबत शेंगदाण्याचे लाडू. बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, मी तुझ्या भल्यासाठीच केलं. मी लाडू बाजूला सरकवले. ती म्हणाली, "तुजी आई असती तर तिनंबी ह्येच केलं असतं."

मी उठून बसले. टाके ताजे होते, जोर करायचा नव्हता. मी हळू आवाजातच बोलले. "आईचं नाव घेऊ नकोस. तू डॉक्टरसमोर दोनदा खोटं बोललीस. मी दुखण्यानं ओरडत होते, तुला ऐकू येत होतं, तरी बोललीस."

ती रडायला लागली. मी तिला उगी केलं नाही. आबा दारात होते, तेही आत आले नाहीत.

आता त्या डोळ्यानं दिसतं, पण पहिल्यासारखं नाही. तक्त्यावरच्या वरच्या तीनचार ओळी वाचता येतात, खालची अक्षरं विरघळतात. वह्या तपासताना उजवाच डोळा काम करतो. जाड चष्मा लावते. नवा कॉर्निया शरीरानं नाकारू नये म्हणून रोज थेंब घालावे लागतात, आणि डोळा जरा लाल झाला की सगळं टाकून सांगली गाठायची. लग्नाचं आता घरात कुणी काढत नाही. मीही नाही.

सुट्टीत गावी गेले की आत्याच थेंब घालते. मी सांगितलेलं नाही, तिनंच ते काम उचललं. आधी साबणानं हात धुते, मी बघतेय ना ह्याची खात्री करून घेते. वय झालंय, बोटं थरथरतात, पहिला थेंब बहुतेक वेळा गालावर पडतो. ती तो पदरानं टिपायला जाते आणि आठवण होऊन थांबते, धुतलेला रुमाल शोधते. मी मान वर करून बसलेली असते. दुसरा थेंब नीट पडतो. बाहेरून कुणी हाक मारून विचारलं, काय चाललंय, तर अजून ती म्हणते, काय न्हाई, डोळ्यात जरा कचरा गेलाय पोरीच्या. मग मी आतून मोठ्यानं सांगते, कचरा नाही.